अळी एका पाकिटात होती, कमेंट सगळ्यांनी वाचली

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. थोडं कापून देते, नाव अर्थातच नाही.

"ताई, मी आठ वर्षं घरून भाजणी, मेतकूट, चिवडा आणि दिवाळीचा फराळ करून विकते. इन्स्टाचं पेज भाचा बघतो. गेल्या रविवारी पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी आमच्या थालीपीठ भाजणीच्या पाकिटात जाळी आणि अळ्या दिसतायत असा रील टाकला, आमचं पेज टॅग करून. भाच्याने रागाच्या भरात पेजवरूनच कमेंट टाकली, 'पाकीट दोन महिने डब्यात विसरायचं आणि मग रील करून व्ह्यूज कमवायचे, छान धंदा आहे.' त्याचे स्क्रीनशॉट सगळीकडे फिरले. मग आम्ही घाबरून ती कमेंट डिलीट केली आणि आमच्या पेजवरच्या कमेंट्सच बंद केल्या. रीलला आता साडेतीन लाख व्ह्यूज झालेत. दीर म्हणतात वकिलाची नोटीस पाठवू. जाऊबाई म्हणतात सगळ्या नातेवाइकांना गुगलवर पाच स्टार द्यायला लावू. मिस्टर म्हणतात गप्प बस, चार दिवसांत लोक विसरतात. दिवाळीला दीड महिना राहिलाय आणि सात बायका माझ्याकडे कामाला येतात. काय करू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुमच्यापुढे एक नाही, दोन भानगडी आहेत आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांचा काला करून ठेवलाय. एक भानगड अळीची, दुसरी भाच्याच्या कमेंटची. पहिली म्हणाल तर पावसाळ्यात पिठाला जाळी धरते हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहिती आहे, डब्यात तमालपत्र टाकून ठेवणाऱ्या आपल्या आया काही वेड्या नव्हत्या. त्या रीलखाली तुम्ही शांतपणे जाऊन वाचलंत ना तर अळीवर बोलणारे थोडे दिसतील, आणि 'गिऱ्हाइकाशी अशी भाषा?' म्हणणारे खूप. म्हणजे लोक चिडलेत ते दुसऱ्या भानगडीवर, आणि तुम्ही घरात चर्चा करताय पहिलीची.

मिस्टरांचं आधी घेते कारण त्यांचं म्हणणं सगळ्यात सोयीचं वाटतं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरंच आहे हो, पण मूठ झाकलेली असेल तर. तुमची मूठ भाच्याने रविवारीच उघडली. तुम्ही बोललाच नसतात तर गप्प राहणं निदान मुद्दा म्हणून तरी मांडता आलं असतं, आता तुमचं शेवटचं वाक्य म्हणून लोकांकडे 'छान धंदा आहे' हेच आहे आणि तुम्ही जितके दिवस गप्प तितके दिवस तेच तुमचं उत्तर. 2009 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या एका दुकानातल्या दोन कर्मचाऱ्यांनी खाण्याच्या पदार्थांशी किळसवाणे प्रकार करतानाचा व्हिडिओ काढला, तो यूट्यूबवर गेला, आणि एवढी मोठी कंपनी पण सुरुवातीला हाच विचार करत बसली की आपण बोललो तर उगाच अजून लोकांना कळेल. दोन दिवसांत दहा लाखांच्या वर लोकांनी पाहिला. मग त्यांच्या अमेरिकेतल्या धंद्याचे प्रमुख पॅट्रिक डॉयल स्वतः कॅमेऱ्यासमोर आले आणि माफी मागितली, आणि ती पण यूट्यूबवरच टाकली. तुमच्या कामाचं त्यातलं एवढंच की जिथे बोभाटा झाला तिथेच जाऊन बोलायचं. इन्स्टावर पेटलेलं पेपरात खुलासा देऊन विझत नाही आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तर अजिबातच नाही.

पण बोलायच्या आधी एक काम आहे आणि ते फोनवर नाही, तुमच्या भांडारघरात आहे. ते पाकीट कुठल्या दिवशीचं? तुमच्याकडे वही असेलच, ऑर्डर कुणाला कधी गेली ते त्यात असेल. त्या दिवशी भाजलेल्या भाजणीची अजून किती पाकिटं गेली, कुणाकुणाला गेली, घरात काही शिल्लक आहेत का, असतील तर आत्ता फोडून चाळून बघा, दोन माणसांसमोर, आणि फोनवर शूटिंग करून ठेवा. डाळी आणि धान्य तुम्ही नीट खरपूस भाजत असाल तर त्यातली अंडी काही जिवंत राहत नाहीत, म्हणजे कीड लागली असेल तर ती भाजल्यानंतर. मग तीन जागा उरतात. एक, गिरणी, जिथे आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात नि पिशवीत राहिलेलं असतं. दोन, दळून आणल्यावर तुम्ही ज्या पिंपात ठेवता ते पिंप. तीन, गरम असतानाच पाकिटं भरली आणि आत वाफ धरली. चौथी शक्यता पण आहे, की कीड खरंच त्या बाईंच्या घरी लागली, कारण या पाखरांच्या अळ्या पातळ प्लॅस्टिक कुरतडून आत जातात. म्हणजे भाचा बरोबर असू शकतो!

आणि नेमकं तेच पहिल्यांदा बोलायचं नाही.

इथे मला 2003 चं आठवतं. इन्स्टा वगैरे काही नव्हतं तेव्हा. ऑक्टोबर महिना, दिवाळी तोंडावर, आणि मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. आपल्या राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, त्यांच्या तळेगावच्या कारखान्यापर्यंत जाऊन माल ताब्यात घेतला. कंपनीचं पहिलं म्हणणं काय, तर आमच्याकडून माल चांगलाच निघतो, दुकानदार नीट ठेवत नाहीत. आता यात तथ्य नव्हतं असं नाही, किराणा दुकानात चॉकलेट कुठे कशाच्या शेजारी पडलेलं असतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण ऐकणाऱ्याला ऐकू काय आलं? की अळी सापडली आणि हे दुसऱ्याकडे बोट दाखवतायत. वाद चिघळला, ऐन सणात विक्री आपटली. सावरलं कशाने, तर त्यांनी दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवायचा कार्यक्रम काढला, 2004 च्या सुरुवातीला पॅकिंगच बदललं, आतून सीलबंद केलं, आणि मग अमिताभ बच्चन येऊन टीव्हीवर भरवसा देऊन गेले. तुमच्याकडे बच्चन नाहीत. पण पॅकिंग आहे, आणि लोकांना बच्चनपेक्षा तेच कळतं, की बाई, पुढच्या पाकिटात अळी येऊ नये म्हणून तू काय केलंस.

तर आता क्रम सांगते. आधी त्या गिऱ्हाईक बाईंना फोन. भाच्याने नाही, मिस्टरांनी नाही, तुम्ही. ऑर्डर घेतली तेव्हाचा त्यांचा नंबर तुमच्याकडे आहे. काय बोलायचं याची फार तयारी करू नका. मी अमुक, भाजणी मीच करते, तुमचा रील पाहिला, पेजवरून तुम्हाला जे लिहिलं गेलं त्याबद्दल माफी मागायला फोन केलाय, एवढं बोला आणि थांबा. त्या भडकतील, भडकू द्या. त्यांचं संपेपर्यंत 'पण' हा शब्द तोंडातून काढू नका. मग विचारा, पाकिटावरची तारीख काय आहे, फोटो पाठवाल का. पैसे परत आणि ते पण त्यांनी मागायच्या आधी. आणि रील काढा असं म्हणू नका, चुकून सुद्धा नाही. पैसे देतो नि रील काढा हे तर त्याहून नाही, कारण हे बोलणं पण रेकॉर्ड होऊन त्याचाच दुसरा रील होऊ शकतो आणि तो पहिल्याला मागे टाकेल. फोन उचललाच नाही तर इन्स्टावर मेसेज करून ठेवा, हेच चार शब्द, नंबरासकट. दहा वेळा फोन करून पिच्छा पुरवू नका.

त्यानंतर पेजवर पोस्ट. स्टोरी नको, ती 24 तासांत गायब होते आणि लोक म्हणतात बघा, माफी पण एक्सपायरी डेटवाली. रील किंवा साधी पोस्ट करा आणि ती पेजच्या वर पिन करा. तुमचा चेहरा असला तर फार बरं, स्वयंपाकघरात उभ्या राहून, मेकअप बिकअप काही नको, मागे ते गोड संगीत तर बिलकुल नको. मी लिहून देते पण जशीच्या तशी वापरू नका, तुमच्या बोलण्यात फिरवा:

"नमस्कार, भाजणी मी करते. आमच्या एका गिऱ्हाईक ताईंना पाकिटात अळ्या मिळाल्या. त्यांनी ते दाखवलं यात त्यांचं काही चुकलं नाही. चूक आमची झाली ती त्यांना आमच्या पेजवरून जे उत्तर गेलं ती. ते आम्ही लिहिलं, नंतर काढून टाकलं आणि कमेंट्स पण बंद केल्या, दोन्ही चुकीचं होतं. त्या ताईंची आणि तुमची माफी मागते. त्या दिवशीच्या भाजणीची जेवढी पाकिटं गेली त्या सगळ्यांना आम्ही फोन करतोय, पाकीट ठेवू नका, पैसे परत घ्या. कीड कुठे लागली ते शोधतोय, कळलं की इथेच सांगते. तोपर्यंत भाजणीची विक्री बंद आहे."

यात बघा, कीड कुणाच्या घरी लागली यावर एक अक्षर नाही. 'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे पण नाही. ते वाक्य मला भयंकर चीड आणतं, राजकारण्यांनी वापरून वापरून त्याचा चोथा केलाय, जर काय जर, दुखावल्यात म्हणून तर बोलतोयस ना बाबा. आणि 'कळलं की सांगते' म्हणालात की सांगायलाच पाहिजे, आठवड्याने का होईना. गिरणी निघाली तर गिरणी म्हणा, नाव न घेता. पिंप निघालं तर पिंप म्हणा. काहीच सापडलं नाही तर तेही सांगा, की सापडलं नाही पण आता आम्ही पाकीट बदललंय, जाड घेतलंय, त्यावर भाजल्याची तारीख आणि बॅच नंबर टाकतोय, आणि पावसाळ्यात उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा असं ठळक छापतोय. बघा, भाच्याला जे बोलायचं होतं ते इथे आलं, पण सूचना म्हणून आलं, टोमणा म्हणून नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर पाकिटावर आहे ना? नसेल तर सगळं सोडून ते आधी करा, कारण अशा रीलनंतर कुणीतरी तक्रार करतंच आणि एफडीएचा माणूस दारात आला तर इन्स्टाची माफी दाखवून भागत नाही.

कमेंट्स चालू करा, आजच. शिव्या येतील. शिव्यांचे शब्द आपोआप लपवायची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावा, पण टीका डिलीट करू नका. डिलीट केलेली कमेंट मरत नाही हो, तिचा स्क्रीनशॉट होतो आणि मग ती दुप्पट वयाने जगते, हे तुम्ही स्वतः भोगलंय. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्या, टोमणा मारणाऱ्याला देऊ नका, आणि एकच उत्तर पन्नास ठिकाणी चिकटवू नका. यात मी स्वतः तोंड पोळून घेतलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका क्लायंटचं पेज माझ्याकडे होतं, डिलिव्हरी रखडल्या होत्या आणि लोक पेटले होते, मी एक सुंदर परिच्छेद लिहिला, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वाला, साहेबांकडून पास करून घेतला आणि सपासप सगळ्यांच्या खाली चिकटवत गेले. त्यात एका माणसाने लिहिलं होतं की वडिलांच्या वर्षश्राद्धाला मागवलेली वस्तू आली नाही. त्याच्याखालीही माझा तोच परिच्छेद, शेवटी स्मायली. तो स्मायली मला अजून रात्री आठवतो.

आता दिरांची नोटीस. त्यांना विचारा, नोटीस कशाची? पाकिटात अळ्या होत्या आणि बाई म्हणाल्या अळ्या होत्या. बदनामीचं कलम आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत 356, पण खऱ्या गोष्टीवर ते लावायला गेलात तर वकिलाची फी जाईल आणि नोटिशीचा फोटो इन्स्टावर येईल, एवढंच. आणि पोलीस वगैरे डोक्यात असेल तर आपल्या पालघरचं आठवा. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले त्यानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, दोघींना अटक झाली, देशभर गदारोळ झाला, आणि शेवटी 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने अशा ऑनलाइन लिहिण्यावरून अटक करायला वापरलं जाणारं आयटी कायद्याचं 66अ कलमच रद्द केलं. अमेरिकेतल्या गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड बाईंचा किस्सा तर या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. 2003 मध्ये त्यांच्या समुद्राकाठच्या घराचा एक फोटो वेबसाइटवर होता म्हणून त्या कोर्टात गेल्या. तोवर तो फोटो डाउनलोड झाला होता एकूण सहा वेळा, त्यातले दोन वेळा त्यांच्याच वकिलांनी. केसची बातमी झाली आणि महिन्याभरात चार लाखांवर लोक तो बघायला गेले. दिरांना एवढं सांगा.

हां, उद्या कुणी दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ तुमच्या नावावर खपवला, किंवा एआयने बनवलेला झुरळाचा फोटो टाकून पैसे मागितले, तर गोष्ट वेगळी, तेव्हा सायबर पोलीस आणि वकील दोन्ही. त्या पुण्याच्या बाईंना त्या माळेत बसवू नका.

जाऊबाईंचे पाच स्टार. मनाने चांगल्या आहेत, पण नको. एका रात्रीत चाळीस रिव्ह्यू, निम्म्यांचं आडनाव तुमचंच, आणि सगळ्यांनी लिहिलंय 'अप्रतिम चव'! कुणाला कळणार नाही असं वाटतंय का? गुगल असले रिव्ह्यू उडवतं, आणि खोट्या ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे 2022 पासून भारतीय मानक ब्युरोचं रीतसर मानकही आहे, आयएस 19000. जाऊबाईंना वेगळं काम द्या. आठ वर्षांतली जी नेहमीची गिऱ्हाइकं आहेत त्यांना एकेक करून फोन करायचा, रिव्ह्यू मागायला नाही, सांगायला, की असं असं झालंय, तुमच्याकडचं पाकीट ठीक आहे ना बघा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. या फोनमधून दहा जणी आपण होऊन तुमच्या बाजूने लिहितील, त्या दहा खऱ्या असतील आणि वाचणाऱ्याला तो फरक कळतो.

राहिला भाचा. त्याच्यावर मी चिडलेली नाही, मावशीच्या कष्टावर कुणी बोललं म्हणून पोरगं उसळलं, त्यात माया आहे. पण मला पक्की खात्री आहे त्याने घरात काय सांगितलं असेल, की मावशी आजकाल असंच असतं, ब्रँड्स रोस्ट करतात, मुंबई पोलिसांचं बघ. तर त्याला म्हणावं नीट बघ. मुंबई पोलीस 2015 च्या डिसेंबरमध्ये ट्विटरवर आले आणि त्यांचे विनोद गाजले हे खरं, पण विनोद कशावर? हेल्मेट न घालणाऱ्यावर, पासवर्डवर, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यावर. ज्याने तक्रार केली त्याला उत्तर सरळ, की तुमचा नंबर मेसेज करा. तक्रार करणाऱ्याची टिंगल नाही. त्याला पेजवरून काढू नका, रील त्याला चांगले करता येत असतील, पण पासवर्ड आज तुमच्या हातात घ्या आणि घरात नियम करा की नाराज गिऱ्हाइकाला लिहिलेलं कुठलंही उत्तर आधी दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचायचं, मग पाठवायचं. 'छान धंदा आहे' हे तुमच्यासमोर मोठ्याने वाचायची त्याची छाती झाली असती का? त्या बाईंना त्याने स्वतःच्या नावाने एक ओळ माफीची पाठवली तर पाठवू दे, जबरदस्ती नको, जबरदस्तीची माफी लगेच ओळखू येते.

आणि हे सगळं करूनही आपलंच बरोबर होतं असं वाटत राहील, त्यावर एकच सांगते. 2015 मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली, 5 जूनला. कंपनी म्हणत होती माल सुरक्षित आहे. ऑगस्टमध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली, नव्याने केलेल्या चाचण्यांमध्ये पास झाली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा दुकानात आली. म्हणजे शेवटी कागदावर जिंकले, पण मधले पाच महिने दुकानात मॅगी नव्हती आणि हजारो टन माल जाळून टाकावा लागला. ते पाच महिने नेस्लेला परवडतात. तुम्हाला दीड महिना आहे.

त्या सात जणींना तुम्ही अजून काही सांगितलेलं नाही असं पत्रावरून वाटतं. त्यांच्या फोनवर तो रील येऊन गेलाय, खात्री बाळगा, आणि गल्लीत लोक त्यांना विचारतायत. उद्या सकाळी कामाला आल्या की आधी चहा टाका आणि त्यांना सांगा काय झालं, काय करणार आहोत आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं. गिरणीत कोण जातं, पिंप शेवटचं कधी उन्हात घातलं, पाकिटं गरम असताना भरली का, हे सगळं त्यांनाच माहिती असणार. रागावून विचारलंत तर कोणी बोलणार नाही. पुण्याचा फोन त्यानंतर करा, दुपारी दोननंतर, बाई नोकरीला असतील तर जेवणाच्या सुट्टीत उचलतील.